नकाशामागचा कठडा

मित्रांनो, मी एक जुना कठडा आहे. लोखंडी आहे आणि गंजलेला आहे, त्यामुळे माझे बोलणे जरा खरखरीत वाटेल, तेवढे चालवून घ्या. खरे तर आता मी पुरता कठडाही उरलेलो नाही. कमरेइतक्या उंचीचा माझा एक तुकडा शिल्लक आहे आणि तो एका पाटीचा खांब म्हणून समुद्रकिनाऱ्यावर उभा केलेला आहे. पाटीवर काय लिहिले आहे ते शेवटी सांगेन. आधीच सांगितले तर तुम्ही हसाल, आणि मला तुमचे हसणे इतक्यात नको आहे.

माझा जन्म एका वेल्डरच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. किनाऱ्यावर वाळूत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या होत्या, चांगल्या रुंद, आणि खालच्या पायऱ्यांवर कायम शेवाळ. लोक घसरत. म्हणून पायऱ्यांच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक कठडा बसवायचे ठरले. उंची किती ठेवायची हे विचारायला वेल्डर ऑफिसात गेला, तेव्हा साहेब जेवायला गेले होते. तो परत आला आणि त्याने आपल्या आईला शेडमध्ये बोलावले. तिचे गुडघे दुखत असत. "जिना उतरतेस असं समज आणि हात कुठे जातो ते दाखव," असे तो तिला म्हणाला. म्हातारीने हवेत हात धरला, वेल्डरने भिंतीवर खडूने रेघ मारली, आणि माझी उंची ठरली.

त्याने आणखी दोन गोष्टी आपल्या मनाने केल्या. माझे वरचे टोक गोल वळवून त्याची गुंडाळी केली, म्हणजे कुणाचा पदर किंवा पिशवी अडकू नये. आणि शेवटच्या पायरीच्या जरा आधी मला खाली एक वळण दिले. हात त्या वळणावर आला की पायाने ओळखायचे, आता एकच पायरी राहिली, पुढे वाळू. हे त्याने कुणाला समजावून सांगितले नाही. लोकांच्या हातांना ते आपोआप कळले. मग मला लाल प्रायमर लागला, वर निळा रंग लागला, आणि एका सकाळी सिमेंटमध्ये माझे पाय रोवले गेले.

मित्रांनो, तुम्ही माणसांना चेहऱ्यावरून ओळखता, मी हातावरून ओळखतो. पोहणाऱ्यांचे हात गार आणि घाईचे. लेकुरवाळ्या बायकांचा एकच हात मोकळा असतो आणि तो मला फार घट्ट धरतो. तुमच्यासारखी मुले तर हाताने धरतच नाहीत, पोटावर पडून घसरत येतात आणि वर मोठ्यांचा ओरडाही खातात. मी कुणाला पाडले नाही. माझ्यावर टॉवेल वाळले, पक्ष्यांनी जे करायचे ते केले, प्रेमात पडलेल्यांनी किल्लीने नावे कोरली. त्यातले एक जोडपे पुढे आपली मुले घेऊन आले आणि नाव शोधत बसले. मधल्या काळात माझ्यावर रंगाचे दोन हात चढले होते, त्यामुळे त्यांना ते सापडले नाही.

पुढे रंग लागायचा थांबला. बांधकामवाले म्हणत, कठडा उद्यानवाल्यांकडे आहे. उद्यानवाले म्हणत, पायऱ्या बांधकामवाल्यांच्या आहेत. दोघेही आपापल्या टेबलावरूनच बोलत होते, त्यामुळे मी गंजत राहिलो. खारे वारे लोखंडाला खातातच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. खालच्या बाजूचा एक खांब सैल झाला आणि धरला की टक् असा वाजू लागला.

त्या खांबाची काळजी एका माणसाला वाटली. ते घड्याळजी होते. त्यांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान होते आणि सगळे आयुष्य डोळ्याला भिंग लावून त्यात गेले होते. मग काचबिंदूने त्यांची नजर खाल्ली. उजेड आणि सावली एवढेच काय ते उरले. दुकान बंद झाले. घरात मुलगा होता, सून होती, सगळी माणसे चांगली होती, पण चांगली माणसे आंधळ्याला काही करू देत नाहीत. ताट हातात येई, चपला पायात येत, न्हाणीघरापर्यंत कुणीतरी दंडाला धरून नेई. घड्याळजी हसून म्हणायचे, "मी आता भिंतीवरचं घड्याळ झालोय. चावी दुसऱ्यानं द्यायची."

फक्त संध्याकाळी ते एकटे निघायचे. गल्लीच्या कडेची भिंत हाताने चाचपत ते माझ्यापर्यंत येत. माझी गुंडाळी सापडली की काठी काखेत मारत आणि मला धरून उतरू लागत. त्यांच्या उजव्या अंगठ्याचे नख लांब होते, घड्याळाचे झाकण उघडायला ठेवलेले, ते मला टोचत नसे, नुसते लागत असे. सैल खांबाशी ते थांबत. एकदा त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून त्याचा नट आवळला होता. तो पुन्हा सैल झाला, मग ते नुसतेच त्याला थोपटत आणि पुढे जात. वळण आले की एक पायरी, मग वाळू, मग घोट्यापर्यंत पाणी. पाण्यात ते बराच वेळ उभे राहत आणि त्याच वाटेने परत येत. दिवसभरात एकट्याने करायची एवढी एकच गोष्ट त्यांच्याजवळ राहिली होती, आणि ती माझ्या भरवशावर होती. मला याचा अभिमान होता. गंजलेल्या वस्तूला अभिमान असू नये असा काही नियम नाही.

अशात किनाऱ्याचा दीर्घकालीन आराखडा करायचे ठरले. पुढच्या पंचवीस वर्षांत हा किनारा कसा असावा, ते लोकांना विचारूनच ठरवायचे, असेही ठरले. विचारणे चांगलेच असते. वाळू खचत होती, पायऱ्यांचे दगड निसटत होते, गर्दी वाढली होती, कुणीतरी लांबचा विचार करायलाच हवा होता. मीही मनात म्हटले, आता आपल्याला रंग लागेल.

हे लोकांना विचारायचे काम ज्या कारकून बाईंकडे आले, त्या घड्याळजींच्या सूनबाई. हात घालील ते काम चोख करणारी बाई. घरी सासरे तिला गमतीने "साहेब" म्हणत. तिने मोठमोठे नकाशे फ्लेक्सवर छापून आणले. त्यावर रंगीत चित्रे होती, किनारा असा करायचा की तसा. लोकांना हिरव्या टिकल्या द्यायच्या, ज्याला जे हवे त्याने त्या चित्रावर आपली टिकली चिकटवायची. पोरांनासुद्धा कळेल असे काम होते.

पण पहिल्याच दिवशी वाऱ्याने घोळ केला. नकाशांचे लाकडी स्टँड एकामागून एक आडवे झाले आणि एक तर आइस्क्रीमवाल्याच्या गाडीवर पडला. तो चिडला, लोक हसले, सूनबाईंना रडू यायचे बाकी राहिले. त्यांनी इकडे तिकडे पाहिले. किनाऱ्यावर घट्ट उभी अशी एकच वस्तू होती. मित्रांनो, ती वस्तू मी होतो.

मग सगळे फ्लेक्स माझ्यावरून चादरीसारखे टाकले गेले आणि दोन्ही बाजूंनी खाली ताणून दोरीने बांधले गेले. गाठी स्वतः सूनबाईंनी मारल्या, पक्क्या. वरच्या गुंडाळीपासून खालच्या वळणापर्यंत माझा इंचही बाहेर राहिला नाही. वर ठिकठिकाणी चिठ्ठ्या लावल्या, 'कृपया नकाशाला हात लावू नये'. साहेब पाहायला आले आणि खूश झाले. काय सुचलं हो तुम्हाला, म्हणून त्यांनी सूनबाईंची पाठ थोपटली. माझ्या अंगावर उद्याचा सगळा किनारा टांगला होता आणि त्या किनाऱ्यात मी कुठे आहे हे मला पाहता येत नव्हते, कारण मी त्याच्या मागे होतो.

त्या संध्याकाळी घड्याळजी आले. हात गुंडाळीकडे गेला आणि गुळगुळीत फ्लेक्सवरून घसरला. नकाशांपाशी बसवलेला पहारेकरी लगेच म्हणाला, "आजोबा, हात लावू नका."

"मग धरू काय?"

"थोड्या दिवसांचं आहे हो. मग मोकळंच आहे."

घड्याळजींनी मान हलवली आणि ते वरच्या पायरीवर बसून राहिले. दुसऱ्या दिवशीही आले आणि बसून परत गेले. दुसरी माणसेही मला टाळून उतरत. कुणी जोडीदाराचा दंड धरी, कुणी बसत बसत उतरे, आणि ज्यांचे गुडघे फारच दुखत ती वरूनच समुद्राला नमस्कार करून घरी जात.

फ्लेक्स बांधलेले असतानाच सूनबाई छत्रीखाली खुर्ची टाकून आणखी एक काम करत होत्या. किनाऱ्यावरच्या कोणत्या सोयी किती लोक वापरतात ते त्या मोजत होत्या. नळ किती जण वापरतात, बाकांवर किती बसतात, सावलीत किती थांबतात, कठडा किती जण धरतात. डोळ्यांत तेल घालून मोजले हो त्यांनी. कठडा धरणारा एकही माणूस त्यांना दिसला नाही. त्यांनी तेच लिहिले. त्यात खोटे काही नव्हते, आणि मला आजही त्याचाच राग येतो. खोटे असते तर कुणीतरी पकडले असते.

एक दिवस त्या सासऱ्यांजवळ येऊन बसल्या. हातात टिकल्या होत्या. "बाबा, तुमचं सांगायचं राहिलंय. इथे किनाऱ्यावर तुम्हाला काय हवं?"

"मला काय हवं असणार, साहेब? सगळं आहे की."

"असं नाही चालत. पंचवीस वर्षांचा विचार करायचाय."

"पंचवीस वर्षं मी कुठला पुरतोय?" घड्याळजी हसले. "तेवढे तुझे फ्लेक्स काढ लवकर म्हणजे झालं."

सूनबाई हसल्या आणि त्यांनी सासऱ्यांच्या नावापुढे 'सूचना नाही' असे लिहिले. एक टिकली मात्र उरली होती आणि ती वाया घालवणे त्यांच्या जिवावर आले. "मग तुमची मीच लावू?" असे त्यांनी विचारले. लाव की कुठेही, असे घड्याळजी म्हणाले. सूनबाई उठल्या. सगळ्यात देखण्या चित्रावर आधीच खूप टिकल्या होत्या. त्या चित्रात पांढऱ्या दगडाच्या पायऱ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेल्या होत्या, त्यांवर माणसे ऐसपैस बसली होती, आणि समोर समुद्र, मधे काहीसुद्धा नाही. त्यांनी टिकली तिथे ठेवली आणि अंगठ्याने दाबली. अंगठ्याचा दाब फ्लेक्समधून मला लागला. त्या चित्रात 'मधे काहीसुद्धा नाही' यातला काहीसुद्धा म्हणजे मी होतो.

फ्लेक्स उतरले. घड्याळजी पुन्हा उतरू लागले, मला थोपटू लागले. मला वाटले, झाले गेले संपले.

सभा झाली ती गावातल्या सभागृहात, रात्रीची. घड्याळजी काही अंधारात बाहेर पडत नसत. मीही तिथे जाऊ शकत नव्हतो, पण दुसऱ्या दिवशी पायऱ्यांवर बसून लोकांनी सगळी सभा पुन्हा केली. आराखडा करणाऱ्या साहेबांनी पडद्यावर चित्रे दाखवली होती. सर्वात जास्त पसंती मोकळ्या पायऱ्यांना मिळाली होती. जुना कठडा गंजलेला आहे, समुद्राचे दृश्य कापतो आणि पाहणीत त्याचा वापर शून्य आढळला, असे ते म्हणाले होते. म्हाताऱ्यांचे काय, असे एका बाईने विचारले. त्यांच्यासाठी वाहनतळाच्या मागे उतार करणार आहोत, शेवटच्या टप्प्यात, असे उत्तर मिळाले. लोकांनी टाळ्याही वाजवल्या म्हणे. माझे ठीक आहे, मी दृश्य कापतो. पण इतकी वर्षे माझ्या आधाराने जी माणसे पाण्यापर्यंत गेली, त्यांतला एकही जण उठून म्हणाला नाही की हा खोटे बोलतोय, मी रोज धरतो. मला धरताना त्यांनी कधी माझ्याकडे पाहिलेच नव्हते, मग आठवण तरी कशाची ठेवणार.

आठवले ते एकट्या सूनबाईंना. पडद्यावर 'वापर शून्य' दिसले तेव्हा त्यांना आपल्या गाठी आठवल्या असाव्यात, कारण दुसऱ्याच दिवशी साहेब पायऱ्या मोजायला आले तेव्हा त्या घाईने माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, मोजणीच्या दिवसांत कठडा झाकलेला होता. आपलेच फ्लेक्स होते त्यावर."

साहेब चिडले नाहीत. भले गृहस्थ होते. "मोजणी तुम्हीच केली ना?"

"हो."

"मग आकडे चुकलेत का?"

"आकडे बरोबर आहेत, साहेब. पण लोक धरतात तो. माझे सासरे धरतात."

"त्यांनी सूचना दिली होती?"

त्या नावापुढे 'सूचना नाही' असे सूनबाईंनीच लिहिले होते. साहेब म्हणाले, "हे बघा, अहवाल मंजूर झालाय. एका कठड्यासाठी सगळं पुन्हा लोकांसमोर न्यायचं म्हटलं तर लोकच म्हणतील, आम्ही सांगितलेलं ऐकत नाही. पुढच्या फेरीत मांडा तुम्ही."

"पुढची फेरी कधी?"

साहेबांनी जरा विचार केला. "आराखडा पंचवीस वर्षांचा आहे," ते म्हणाले. आणि ते चेष्टा करत नव्हते.

सूनबाईंनी माझ्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत त्यांनी मला प्रथमच धरले. तरण्या पायांना कशाला लागतो कठडा? मला तिची दया आली असे मी तुम्हाला सांगायला हवे, म्हणजे गोष्ट गोड होईल. पण नाही आली. घरी जाऊन घड्याळजींना ती काय सांगेल एवढेच माझ्या मनात होते, आणि पुढे कळले की तिने काहीच सांगितले नव्हते.

मला कापायला गॅसकटर घेऊन दोघे आले. पायांशी आल्यावर त्यांना घाम फुटला. "काय जोड मारलाय रे, सुटतच नाही," असे एक जण म्हणाला. वेल्डरच्या कामाची एवढ्या वर्षांतली ही पहिली तारीफ, आणि ती ऐकायला वेल्डर नव्हता. माझे तुकडे गोदामात गेले. तिथे मोडके झोके होते, फुटके बाक होते, सगळे एकेकाळी लोकांना हवेसे वाटलेले. बाकीचा मी भंगारात गेलो. गुंडाळीचे टोक मात्र उरले, कारण उद्घाटनाच्या आधी पाटी लावायला एक खांब कमी पडला आणि माझा तो तुकडा बरोबर मापाचा निघाला. मला छान पांढरा रंग दिला. शेवटी लागला एकदाचा रंग.

आता मी नव्या पायऱ्यांच्या अगदी वर उभा आहे. पायऱ्या सुंदर आहेत, खोटे का बोला. लोक ऐसपैस बसतात, फोटो काढतात. सगळा दगड एकसारखा पांढरा, त्यामुळे कोणती पायरी कुठे संपते ते डोळसालाही नीट पाहावे लागते.

काम चालू होते तेवढे दिवस किनारा बंद होता. तो उघडला तेव्हा घड्याळजी आले. त्या दिवशी सूनबाई सोबत होत्या, दोन पावले मागे. घड्याळजींनी सवयीने हात पुढे केला. जुन्या जागी हवा होती. हात इकडे तिकडे फिरला आणि मला लागला. अंगठ्याचे नख गुंडाळीवरून फिरले आणि थांबले.

"हा आपलाच आहे," घड्याळजी म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. गुंडाळी धरून त्यांनी काठी काखेत मारली आणि दुसरा हात खाली, मी जिथे असायला हवा होतो तिथे नेला. तिथे मी नव्हतो. त्यांनी पुन्हा चाचपले. मग हात वर नेऊन पाटी चाचपली. "काय लिहिलंय गं?"

सूनबाईंना वाचावे लागले. "नागरिकांशी सल्लामसलत करून, त्यांच्या इच्छेनुसार साकारलेला किनारा."

मित्रांनो, आता हसायचे असेल तर हसा.

घड्याळजी काही हसले नाहीत. ते समुद्राकडे वळले. "मला कुणी विचारलं होतं का गं?"

"विचारलं होतं, बाबा. मीच विचारलं होतं."

"मी काय म्हणालो?"

"तुम्ही म्हणालात, सगळं आहे की."

घड्याळजींनी मान हलवली, जशी एखाद्या बंद पडलेल्या घड्याळाचे कारण सापडल्यावर हलवत असतील. सूनबाईंनी हात पुढे केला. "चला ना, मी नेते पाण्यापर्यंत."

"नको," ते म्हणाले. "तू घरातच खूप नेतेस."

मित्रांनो, आमच्यासारख्यांनी शेवटी काहीतरी विनंती करायची असते, तर माझी एवढीच ऐका. उद्या तुम्ही मोठे व्हाल आणि तुम्हालाही कुणीतरी विचारेल, इथे तुम्हाला काय हवे. तुम्ही झोके सांगाल, कारंजी सांगाल, जे नाही ते सगळे सांगाल. सांगा. पण त्याआधी जे रोज तुमच्या हाताखाली असते, त्याचे नाव घ्या. ते कायमच असणार असे समजून गप्प बसू नका, कारण विचारणारा माणूस तुमच्या गप्प बसण्यालाही उत्तर म्हणून लिहून घेतो. आणि विचारायचे काम उद्या तुमच्याकडे आले, तर नकाशा कशावर बांधताय ते एकदा बघून घ्या.

घड्याळजी अजून येतात. संध्याकाळी, गल्लीच्या भिंतीला धरून, एकटेच. माझी गुंडाळी धरतात आणि उभे राहतात. भरती असली की पाण्याचा आवाज अगदी जवळ येतो आणि त्यांचा हात मला घट्ट होतो. मग ते वाट पाहिल्यासारखे करतात, मी पुढे व्हावे म्हणून. पण मी आता खाली जात नाही.